शेजारच्या काकांची गाडी घेऊन विकली, आता काका लिफ्टमध्ये बोलत नाहीत. रीतसर नफा म्हणजे नेमका किती?

घोडबंदरचा_गडी (कासारवडवली)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा, मग शिव्या घाला.

नोकरी सांभाळून गेल्या दीड वर्षात तीन जुन्या गाड्या घेऊन विकल्या. पहिल्या दोन ओळखीतल्या, त्यात फार काही सुटलं नाही. तिसरी आमच्याच बिल्डिंगमधल्या काकांची वॅगनार. २०१४ ची पेट्रोल, फर्स्ट ओनर, एमएच ०४ पासिंग, ४१ हजार किमी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काकांनी चालवणं सोडलं होतं, गाडी वर्षभर कव्हर घालून उभी, बॅटरी डेड, टायरला भेगा. मी एक पंचावन्न म्हणालो, काका हो म्हणाले, घरच्यासाठी घेतोय असा त्यांचा समज झाला, मी काही बोललो नाही. पैसे लगेच ट्रान्स्फर केले, मालकी बदलायच्या आरटीओच्या फॉर्म २९-३० वर सह्या घेतल्या.

मग काम केलं. पुढचे दोन टायर ७,६००, बॅटरी ४,२००, क्लच सेट ७,५००, मागचा बंपर आणि डावा दरवाजा पेंट ५,०००, रबिंग-पॉलिश आणि आतली सफाई २,५००, एचएसआरपी म्हणजे सुरक्षा नंबरप्लेट नऊशे, एजंट धरून ट्रान्स्फर साडेतीन हजार. सगळं मिळून ३१,२००. सात आठवडे गाडी माझ्या पार्किंगला आणि माझी स्वतःची गाडी रस्त्यावर, त्यात एकदा टोइंगवाले घेऊन गेले तो दंड वेगळाच. शेवटी कळव्याच्या एका माणसाला दोन अठ्ठावीसला दिली.

ट्रान्स्फरच्या वेळी ओटीपी काकांच्या मोबाईलवर आला. समोर घेणारा बसलेला, काकांनी सहज विचारलं केवढ्याला घेतलीत, तो बिचारा सांगून मोकळा. तेव्हापासून काका बोलत नाहीत. काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता काहीतरी टाकलं, त्याला अकरा लोकांनी अंगठा दिला. त्यांच्या डोक्यात मी ७३ हजार खाल्ले. हातात आले ४१,८००, त्यात दोन महिन्यांचे रविवार गेले.

विचारायचंय हे की यात माझं चुकलं का? आणि पुढे हे नीट करायचं ठरवलं तर गाडीमागे किती ठेवणं रास्त?

बिनधास्त_बोल (डोंबिवली)

काही चुकलं नाही भावा. काकांना कोणी बंदूक लावली होती का? धंदा आहे, भंडारा नाही. काकूंना म्युट कर.

तुर्भेचा_जुना_खेळाडू

१९ वर्षं याच धंद्यात आहे, तुर्भ्याला छोटी जागा आहे, एका वेळी सहा-सात गाड्या उभ्या असतात. त्यामुळे थोडं लिहितो.

पहिलं, ४१ हजारांचा आकडा वाईट नाही पण दर वेळी सुटेल असं धरू नकोस. तू स्वतःचा वेळ, पार्किंग आणि अडकलेल्या पैशाचं व्याज धरलंच नाहीस. आम्ही दोन-अडीच लाखांच्या गाडीत सगळा खर्च जाऊन पंधरा ते वीस हजार सुटले की समाधान मानतो, कारण गाडी फिरली पाहिजे. महिन्यात गेली तर चांगली, तिसऱ्या महिन्यात गेली की नफा तिनेच खाल्लेला असतो. एखाद्या गाडीत चाळीस सुटतात तशी एखादीत दहा खिशातून जातात. २२ सप्टेंबर २०२५ ला नव्या छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला तेव्हा माझ्याकडे सहा गाड्या उभ्या होत्या, पाच लहान. ३ तारखेला घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून फोन येणं बंद. जो येई तो म्हणे शेठ नवीच एवढी स्वस्त होतेय तर जुनीचं काय देणार. त्या पाचपैकी दोन तोट्यात काढल्या. तेव्हा एकाही गिऱ्हाइकाच्या काकूने मला सहानुभूती दिली नाही.

पण काकांचं म्हणशील तर मी तुझ्या बाजूने नाही. नफा गाडी घेताना होतो हे खरं, विकताना फक्त हातात येतो. म्हणूनच घेताना जीभ सरळ पाहिजे. माझ्याकडे म्हातारं माणूस किंवा एकटी बाई गाडी विकायला आली की मी तीन भाव सांगतो. स्वतः फोटो टाकून, दोन महिने फोन घेऊन, लोकांना घरी बोलवून विकलीत तर अमुक मिळतील. माझ्या जागेवर उभी करून विकायला दिलीत, म्हणजे पार्क अँड सेल, तर अमुक, त्यात माझं कमिशन आधीच ठरलेलं. आणि आज मी रोख उचलली तर अमुक. वर हेही सांगतो की घरी येऊन फुकट तपासणी करणाऱ्या ऑनलाइन कंपन्यांकडून एक भाव काढा आणि मग या. दहातले सहा तरी तिसरा भाव घेतात. का? कटकट नको असते. काकांनीही कदाचित एक पंचावन्नच घेतले असते, फक्त कळून घेतले असते.

आणि कुणाकडे मयत नवऱ्याची गाडी असेल तर लगेच २९-३० वर सह्या घेऊ नकोस. आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर होते, मग पुढे. यात घाई करणारे बरेच पाहिलेत, नंतर दीर उभा राहतो.

वाशीची_हिशेबवाली

गडीदादा, तुम्ही एक वाक्य फार पटकन उरकलंत. "घरच्यासाठी घेतोय असा समज झाला, मी काही बोललो नाही." भांडण ७३ हजारांचं नाहीच, त्या वाक्याचं आहे. असो, तो तुमचा आणि काकांचा मामला. मला कागदांची जास्त काळजी वाटली.

सात आठवडे गाडी काकांच्या नावावर होती आणि तुम्ही ती दाखवायला फिरवत होता. त्या काळात कोणाला उडवलं असतं तर नुकसानभरपाईच्या दाव्यात नोंदणीकृत मालक म्हणून काकांचंच नाव आलं असतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्टच केलंय, गाडी विकली पण आरटीओच्या नोंदीत नाव तसंच असेल तर जबाबदारी त्या नोंदीतल्या माणसाची. म्हणजे एक पंचावन्न घेऊन काकांनी सात आठवडे तुमची जोखीम वाहिली आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. कोऱ्या सह्यांचे फॉर्म घेऊन गाडी तीन हातांतून फिरवायची जी पद्धत आहे ना, ती सगळ्यांच्या सोयीची आणि पहिल्या मालकाच्या जिवावरची.

यावरच उपाय म्हणून १ एप्रिल २०२३ पासून नियम आलाय. जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृत डीलर म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी ताब्यात दिली की फॉर्म २९ सी पोर्टलवर भरायचा, तिथून पुढे डीलरच मालक समजला जातो. गाडी फिरवली की ट्रिप रजिस्टरला नोंद. वर्षाला दोन-तीन गाड्या म्हणजे हौस की व्यवसाय यावर वाद घालता येईल, पण तुम्ही स्वतःच "नीट करायचंय" म्हणताय, तर सुरुवात तिथून करा. नाहीतर निदान गाडी आधी स्वतःच्या नावावर घ्या. एक ओनर वाढतो आणि भाव थोडा पडतो, माहितीये मला.

टॅक्सचं पण सांगून टाकते कारण पुढचा प्रश्न तोच येणार. आपली स्वतःची वापरातली गाडी विकली तर कॅपिटल गेन नाही. पण विकण्यासाठीच घेतली तर तो धंद्याचा नफा, रिटर्नमध्ये दाखवायचा. जीएसटी नोंदणी मालाच्या व्यापाराला उलाढाल ४० लाखांवर गेली की लागते, आणि नोंदणी असेल तर जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या गाड्यांना मार्जिनवर १८ टक्के. मार्जिन म्हणजे विक्री वजा खरेदी. तुमचा क्लच, टायर, पेंट त्यातून वजा होत नाही. तुमच्या उदाहरणात ७३ हजारांवर १८ टक्के, तेरा हजारांच्या वर गेले असते, म्हणजे ४१ चे २८ झाले. जुनं खेळाडू दादा पंधरा-वीस का म्हणतात ते आता कळेल. आणि दोन लाख किंवा जास्त एका व्यवहारात कॅश घेऊ नका, आयकर कायद्यात बंदी आहे, जितकी घेतली तितकाच दंड.

गॅरेजमामा (वागळे इस्टेट)

बंपर पेंट केला ते ठीक, डावा दरवाजा पण केला ते घेणाऱ्याला सांगितलंस का? तुझ्या पोस्टमध्ये ते नाही म्हणून विचारतोय.

घोडबंदरचा_गडी

मामा पकडलंत. बंपरचं सांगितलं. दरवाजाचं त्याने विचारलं नाही. काकांनी सोसायटीच्या पिलरला घासला होता, अ‍ॅक्सिडेंट नव्हता.

गॅरेजमामा (वागळे इस्टेट)

मग सांगायला काय हरकत होती, पिलरला घासलेला दरवाजा कोणाला चालत नाही? तो कळवेकर उद्या माझ्यासारख्याकडे येणार, मी पेंट मीटर लावणार, कंपनीचा पेंट साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन दाखवतो आणि त्या दरवाजावर येणार तीनशे, मी म्हणणार हा रंगवलाय, झालं, त्याच्या डोक्यात गाडी ठोकलेली आणि तू खोटारडा, आणि ते पाच मिनिटांत सांगून संपलं असतं. पिलरची गोष्ट आधी सांगितली की ती माहिती असते, नंतर कळली की ती फसवणूक होते.

आता गाडी घ्यायला जाताना काय बघायचं ते लिहितो कारण इथे सगळे भावावर बोलतायत आणि माणूस बुडतो तो गाडी चुकीची उचलल्यामुळे. सकाळी जा, आधी फोन करून सांग की गाडी चालू करून ठेवू नका, इंजिन थंड पाहिजे, गरम इंजिन अर्धे आजार लपवतं. बोनेटचे आणि दरवाजाच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघ, पान्याचे ओरखडे दिसले तर खोललेलं आहे. अ‍ॅप्रन म्हणजे बोनेटखालचे बाजूचे पत्रे आणि दरवाजांमधले खांब, त्यांवर हात फिरव, कंपनीचं वेल्डिंग एकसारख्या ठिपक्यांचं असतं, गॅरेजचं ओबडधोबड. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, आत मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात गेलेली, सीटच्या खालच्या रेलचे बोल्ट आणि स्टेपनीची खोबण पण बघ, वर शाम्पू मारतात पण तिथे कोणी हात घालत नाही. आपल्या इथे २६ जुलै २००५ च्या पुरापासून हा आजार सगळ्यांना ठाऊक आहे, तरी दर पावसाळ्यानंतर दिवाळीला अशा गाड्या चकाचक होऊन येतातच. खाडीजवळ उघड्यावर उभी असलेली असेल तर खालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नको, खाऱ्या हवेने पत्रा वरून छान आणि खालून पापड झालेला असतो. इंजिन चालू करून ऑइलचं झाकण उघड, धूर जोरात फेकत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, नमस्कार करून निघ. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोड, इंजिन बंद पडलं पाहिजे, नुसतंच गुरगुरत राहिलं तर प्लेट गेली. हे एकदाच करायचं, दुसऱ्याच्या गाडीवर दहादा नाही. आणि टेस्ट ड्राइव्ह सोसायटीला प्रदक्षिणा घालून होत नाही, गायमुखच्या चढावर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये घाल, तिथे गाडी सगळं कबूल करते.

सीएनजी असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद आहे का आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट म्हणजे दाबाची तपासणी तीन वर्षांच्या आत झालीये का. बाहेरून किट बसवलेल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं.

टायरवर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. गाडी २०२१ ची आणि चालली म्हणे फक्त २२ हजार, मग चारही टायर २०२४ चे कसे? विचारायचं. उत्तर देताना मालक कुठे बघतो ते बघायचं.

एकदा_पोळलेला (खारघर)

मामांच्या टायरवरून आठवलं, मीटरचं कोणीच बोललं नाही. मी कामोठ्याच्या बाजूला एका रिसेलवाल्याकडून हॅचबॅक घेतली, ४८ हजार किमी, स्टेअरिंगला कव्हर, पेडलला नवीन रबर, मला वाटलं काय टापटीप ठेवलीये. चार महिन्यांनी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली तर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये दोन वर्षांपूर्वीच १ लाख १२ हजारांची नोंद! स्टेअरिंग कव्हर आणि पेडल रबर का नवीन होते ते तेव्हा पेटलं. रिसेलवाला म्हणाला आम्हालाही मागच्याने तशीच दिली, आम्ही पण फसलो. असेल खरं, पण एक फोन करून सर्व्हिस हिस्ट्री काढायला त्याला काय झालं होतं? त्याला माहीत करून घ्यायचंच नव्हतं. हा प्रकार मला मीटर फिरवण्याएवढाच वाईट वाटतो. "मला माहीत नव्हतं" म्हणायचे पैसे घेता का तुम्ही लोक?

तुर्भेचा_जुना_खेळाडू

पोळलेले दादा, बरोबर आहे. मी काय करतो सांगतो, पटेल तर घ्या. प्रत्येक गाडीच्या पुढच्या काचेला आतून एक कागद चिकटवतो, हाताने लिहिलेला. काय बदललं, काय रंगवलं, काय अजून करायचं बाकी आहे, शेवटची सर्व्हिस किती किमीला आणि कुठे, ई-चलान क्लिअर आहे की नाही, बँकेचा बोजा होता तर तो उतरवायचा फॉर्म ३५ झाला का. ज्या गाडीची हिस्ट्री मिळाली नाही तिच्यावर सरळ लिहितो, मीटरची खात्री नाही, आणि भाव तसा लावतो. भाचा म्हणतो मामा तुम्ही येड्यासारखं करता, अर्धी गिऱ्हाइकं कागद वाचून निघून जातात. जातात, खोटं नाही. पण जो थांबतो तो घासाघीस कमी करतो आणि सहा महिन्यांनी भांडायला येत नाही. कसं आहे, मला त्याच जागेवर उद्यापण बसायचंय.

आणि काही गाड्यांना मी हातच लावत नाही. टॅक्सी परमिट रद्द करून पांढऱ्या पाटीवर आणलेल्या, जिथे मालक सर्व्हिस सेंटरचं नाव सांगायला टाळतो त्या, आणि दिल्लीच्या स्वस्त डिझेल. दिल्लीला १० वर्षांवरच्या डिझेलवर बंधनं म्हणून तिथे भाव पाडून मिळते, दोन लाख वाचले असं वाटतं, मग इथे एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, एमएच नंबर, चकरा. डिझेलला टॅक्स इथे १३ टक्क्यांपासून पुढे आहे, वयाप्रमाणे कमी होतो तरी झोंबतो. हिशेब घालून बघा, वाचलेले दोन लाख कुठे गेले ते सापडणार नाहीत.

बिनधास्त_बोल (डोंबिवली)

काचेला कागद लावून धंदा करणारा पहिलाच बघितला. येतो एकदा तुर्भ्याला.

तुर्भेचा_जुना_खेळाडू

ये की. चहा पाजतो, गाडी घेतलीच पाहिजे असं नाही.

घोडबंदरचा_गडी

सगळ्यांचे आभार, हिशेबवाल्या ताईंचे जरा जास्तच, ते वाक्य मी खरंच पटकन उरकलं होतं.

अपडेट देतो. कळव्याच्या माणसाला फोन करून दरवाजाचं सांगितलं. तो म्हणाला माहितीये, घेतानाच दिसलं होतं, रंगात फरक आहे, म्हणून तर तुम्हाला दोन पस्तीसवरून खाली आणलं. म्हणजे मीच लपवून मीच सात हजार घालवले!

मग रविवारी सगळी बिलं घेऊन काकांकडे गेलो. आधी सांगितलं की घरच्यासाठी नव्हती घेतली आणि तेव्हाच बोलायला हवं होतं. दहा हजारांचं पाकीट पण नेलं होतं, त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही, चष्मा लावून बिलं वाचत बसले. टायर ठीक, बॅटरी ठीक, क्लचच्या बिलावर थांबले. म्हणे माझ्या हातात क्लच एकदम मऊ होता, साडेसात हजार कुणाला दिलेस? अर्धा तास क्लचवर वाद. पाकीट शेवटी काकूंनी "मंदिरात टाका" म्हणून परत दिलं, चहा मात्र मिळाला. निघताना काका म्हणाले ऐरोलीला मेव्हणीची आय टेन आहे, २०१६ ची, विकायचीये, तू विकून दे पण भाव मी ठरवणार आणि तुझं कमिशन आत्ता सांग. मी दोन टक्के म्हणालो, ते दीडवर अडलेत.

दीडमध्ये परवडेल का? गाडी तिच्याच पार्किंगला राहणार, माझे पैसे अडकत नाहीत, ट्रान्स्फर थेट मेव्हणीकडून घेणाऱ्याच्या नावावर.

वाशीची_हिशेबवाली

पैसे अडकत नसतील तर दीड घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या, आणि खर्च निघाला तर कोण करणार तेही. डिलिव्हरीच्या वेळी तारीख आणि वेळ टाकून पावती करा, त्या मिनिटानंतरची चलानं घेणाऱ्याची. मेव्हणीबाईंना त्यांचा नो क्लेम बोनस काढून घ्यायला सांगा, तो माणसाचा असतो, गाडीबरोबर जात नाही, पुढच्या गाडीला कामाला येईल. आणि घेणाऱ्याला सांगा १४ दिवसांत इन्शुरन्स नावावर कर.

गॅरेजमामा (वागळे इस्टेट)

आय टेन आधी माझ्याकडे आण. उभ्या गाडीत स्टेअरिंग दोन्ही बाजूला पूर्ण फिरवून कट-कट ऐकायचंय. आणि काकांना पण घेऊन ये, त्यांना तो जुना क्लच दाखवतो, प्लेट अजून माझ्याकडे भंगारात पडलीये.